वॉर्बलर नावाचे पाटील

भाच्याने गेल्या नोव्हेंबरात लांब पल्ल्याची लेन्स घेतली आणि तेव्हापासून रविवारी सकाळी माझ्या फोनला उसंत नाही. पहिले दोन रविवार बरे गेले. स्वर्गीय नर्तक, तांबट, तारेवर बसलेली एक झकास कापशी घार. तिसऱ्या रविवारी ठाण्याजवळच्या येऊरच्या जंगलातून बारा फोटो आले. बाराही फोटोंत पानंच पानं, आणि पानांमध्ये हिरवट-मळकट, अंगठ्याएवढं काहीतरी. खाली एक ओळ: "मावशी, हे बारा वेगळे की एकच?"

"चार असावेत," मी लिहिलं. "त्यातले दोन सांगता येतील."

त्याला वाटलं मी टाळतेय. टाळत नव्हते. हे पक्षी, म्हणजे वॉर्बलर, माणसाला नम्र करतात असं जुने पक्षीवाले म्हणतात. मला ते वेगळ्या शब्दांत म्हणावंसं वाटतं: हे पक्षी माणसाला छळतात. पण छळाचं अर्धं कारण पक्षी नाहीत, त्यांचं नाव आहे. ते नाव नीट उलगडून घेतलं की उरलेला छळ सोसण्याजोगा होतो.

नवी मुंबईतल्या घणसोलीच्या किंवा ऐरोलीच्या गावठाणात उभं राहून "ओ पाटील!" अशी हाक मारून बघा. चार दारं उघडतील. इकडचे पाटील आगरी, कोल्हापूरकडचे मराठा, सांगलीकडचे कित्येक जैन. एकमेकांशी रक्ताचं नातं शून्य. कोणे एके काळी पूर्वजांनी गावची पाटीलकी केली, कामावरून आडनाव पडलं आणि चिकटलं. वॉर्बलर हे तसंच आडनाव आहे. पानांच्या मागचे बारीक किडे-अळ्या टिपायचं काम, त्याला लागणारी सुईसारखी चोच, हलकं अंग, डोळ्यात न भरणारा रंग. हे काम जगात जिथे जिथे कुणा छोट्या पक्ष्याने पत्करलं, तिथे इंग्रज निसर्गअभ्यासकांनी त्याला वॉर्बलर म्हणून टाकलं. घराणं कुठलं, हे विचारायची सोयच तेव्हा नव्हती.

आपल्याकडे यांना वटवट्या म्हणतात. इंग्रजी वॉर्बल म्हणजे गळा फिरवत गाणं, आणि आपलं नाव सांगतं की हा सतत काहीतरी बडबडत असतो. हिवाळ्यात आपल्याकडे आलेले बहुतेक पाहुणे गात नाहीत, नुसते टुकटुकत, चुकचुकत फिरतात. त्यामुळे मला आपलंच नाव अधिक खरं वाटतं.

शंभर-दीडशे वर्षं या सगळ्यांना सिल्विडी नावाच्या एकाच कुळात कोंबलं होतं. माळा असतो ना घरात, कुठे ठेवायचं कळलं नाही की टाक माळ्यावर, तसं ते कुळ झालं होतं. मग डीएनए वाचता येऊ लागला. 2006 मध्ये स्वीडनचे पेर आल्स्ट्रोम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या सगळ्या गोतावळ्याची वंशावळ मांडली आणि माळा खाली काढावा लागला. एका कुळाची अनेक कुळं झाली. गंमत म्हणजे त्याच मोठ्या गोतावळ्यात बुलबुल आणि भिंगऱ्याही निघाल्या.

आता ही घराणी. सगळी सांगत नाही. ठाण्यात उभं राहून जी दिसतात ती आधी, बाकीची ओझरती.

पहिलं घराणं इथलंच, बारमाही: सिस्टिकोलिडी. सोसायटीच्या कुंपणावरच्या जास्वंदीत शेपटी ताठ उभी करून ओरडणारा, तांबूस टोपीचा शिंपी यातला. पानं शिवून घरटं करतो म्हणून शिंपी. राखी वटवट्या यातलाच: वरून राखी, खालून बदामी, लालसर डोळा, आणि दचकून उडाला की चट् चट् असा आवाज येतो, विजेच्या ओल्या बटणाने ठिणगी पाडावी तसा. गवतात राहणारा साधा वटवट्याही यातलाच. पावसाळ्यात खारघरच्या किंवा पारसिकच्या टेकडीपायथ्याच्या गवतावर एक चिमुकला पक्षी झिट्... झिट्... करत हवेत हिंदकळताना दिसला तर तो झिटिंग सिस्टिकोला. या घराण्याची खूण रंगात शोधू नका. शेपटी आणि पंख बघा. शेपटी बहुधा लांब आणि सतत हलती, पंख आखूड आणि गोल. लांबचा प्रवास करायचाच नाही, तर लांब पंख कशाला? सिस्टिकोलाची शेपटी मात्र आखूड आहे. प्रत्येक घरात एक असतोच.

दुसरं घराणं पर्णवटवट्यांचं: फिलोस्कोपिडी. शब्दाचा अर्थच मुळी पानं न्याहाळणारा. भाच्याच्या बारा फोटोंपैकी निदान सहा यांचे. हिरवट पाठ, मळकट पांढरं पोट, डोळ्यावर लांब फिकट भुवई, वजन 7-8 ग्रॅम, आणि एका जागी तीन सेकंद बसणं म्हणजे यांना शिक्षा वाटते. सप्टेंबर-ऑक्टोबरात येतात, एप्रिलपर्यंत राहतात. ठाण्यात सगळ्यात जास्त भेटतो तो हिरवट पर्णवटवट्या, इंग्रजीत ग्रीनिश वॉर्बलर. येऊरच्या रस्त्याला हिवाळ्यात पाच मिनिटं गप्प उभं राहा, वरच्या फांद्यांतून "चि-स्वी" असा दोन तुकड्यांचा आवाज येईल. हा हिवाळ्यातही आपली हद्द आखतो. दोन-चार झाडं त्याची, आणि दुसरा आला की हाच आवाज काढून त्याला हाकलतो. म्हणजे आपण ज्याला किलबिल म्हणतो ती खरं तर जागेवरून चाललेली भांडणं असतात.

या हिरवटाची एक गोष्ट जगभर शिकवली जाते. तिबेटच्या पठाराभोवती याची वस्ती कड्यासारखी पसरलेली आहे. हिमालयातून पश्चिमेकडून वर जा किंवा पूर्वेकडून, एका टप्प्यापासून पुढच्या टप्प्यापर्यंत गाणं थोडं थोडं बदलत जातं, पंखावरच्या पट्ट्या बदलतात. वर सैबेरियात कड्याची दोन टोकं भेटतात, तेव्हा दोन्हींकडचे पक्षी एकमेकांचं गाणं आपलं मानत नाहीत आणि त्यांची जोडी जमत नाही. डॅरन अर्विन, स्टाफान बेन्श आणि ट्रेव्हर प्राइस यांनी 2001 मध्ये हे 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात मांडलं. एक जात हळूहळू दोन कशी होते ते जमिनीवर पसरून दाखवणारं असं उदाहरण विरळाच. पुढे 2014 मध्ये जनुकांचा अधिक बारीक अभ्यास झाला आणि कडं पूर्वी मध्येमध्ये तुटलेलं होतं, असं दिसलं. गोष्ट वाटली होती तितकी सुबक नाही. मला ती त्यामुळे जास्त आवडते. आणि दख्खनेत हिवाळा काढणारे हिरवट मुख्यतः या कड्याच्या पश्चिम टोकाचे. येऊरच्या नाक्यावर चहा पिताना डोक्यावर जो चि-स्वी करतोय, तो त्यातला.

या घराण्यात तंटेही फार. हिरवटासारखाच, पण चेहरा-गळा पिवळसर असलेला ग्रीन वॉर्बलर कॉकेशसकडून येतो आणि दक्षिण भारतात, श्रीलंकेत उतरतो. ऑक्टोबरात पिसं ताजी असतात तेव्हा फरक कळतो. मार्चपर्यंत पिसं झिजतात, रंग विटतो, मग ताडून बघण्यासारखं फारसं उरत नाही. फेब्रुवारीतल्या फोटोवर जो छातीठोक नाव सांगतो त्याच्याकडे मी जरा संशयानेच बघते.

तिसरं घराणं अ‍ॅक्रोसेफालिडी, बोरूत राहणारे. यातला ब्लिथचा बोरू वटवट्या हिवाळ्यात ठाण्यात जागोजाग आहे, आणि नावात बोरू असून राहतो झुडपात. अंगावर एकही खूण नाही. पाठ तपकिरी, पोट मळकट, कपाळ चपटं, चोच लांबट, भुवई आखूड. घाणेरीच्या जाळीतून टक्... टक्... असा दोन गोट्या आपटल्यासारखा आवाज आला की समजायचं. याच घराण्यातला दांडगा भाऊ म्हणजे क्लॅमरस रीड वॉर्बलर, जवळपास बुलबुलाएवढा. ठाणे खाडीत लोक फ्लेमिंगोंकडे बोटं दाखवत असतात (2015 मध्ये अभयारण्य झालं, 2022 मध्ये महत्त्वाच्या पाणथळींच्या जागतिक रामसर यादीत नाव गेलं, तेव्हापासून गर्दी वाढली) आणि मागच्या तिवरांत हा घसा खरवडून ओरडत असतो. कुणी मान वळवत नाही.

याच घराण्यात एक फसवा प्रकार आहे: बूटेड आणि साइक्स. दिसायला पर्णवटवट्या, घराणं बोरूवाल्यांचं. साइक्सचं नाव आपल्या मुलखाशी जोडलेलं आहे. कर्नल विल्यम साइक्स मुंबई सरकारसाठी दख्खनची आकडेवारी गोळा करत फिरायचा, फिरता फिरता पक्षीही टिपायचा. 1832 मध्ये त्याने या पक्ष्याची नोंद केली आणि नाव ठेवलं 'रामा'. शास्त्रीय नावात ते आजही आहे: इडुना रामा. पुढे बराच काळ याला बूटेडचीच पोटजात मानत. आता दोघे वेगळे. साइक्सची चोच लांब आणि खालचा भाग साधारण सगळा फिकट. बूटेडच्या खालच्या चोचीच्या टोकाला बहुधा काळसर डाग. हा डाग एका मिलिमीटरचा. पानाआड.

चौथं घराणं ज्याच्याकडे जुनं आडनाव राहिलं ते, सिल्विडी. बाभळीत दिसणारा लेसर व्हाइटथ्रोट यातला: राखी डोकं, डोळ्यामागे गडद गाल, गळा स्वच्छ पांढरा. याचं नातं सांगितलं तर भाचा हसला होता. हा त्या हिरवट पर्णवटवट्यापेक्षा आपल्या अंगणातल्या सातभाईंना आणि चष्मेवाल्याला जवळचा आहे. आडनाव सारखं असणारा शेजारी परका, आणि आडनाव वेगळं असणारी माणसं चुलत घरची. लग्नाच्या याद्या करताना आपल्याकडेही हेच निघतं.

बाकी घराणी पटापट. गवतात उंदरासारखे पळणारे लोकस्टेलिडी, किड्यासारखी किर्र लावणारे. पश्चिम घाटाच्या गवताळ उतारांवर पावसात गाणारा, फक्त इथेच सापडणारा रुंद शेपटीचा ग्रासबर्ड त्यातला. सेटिडी हिमालयातले, आपल्याकडे नाहीत. आफ्रिकेत मॅक्रोस्फेनिडी. मादागास्करमध्ये तर कमाल झाली. तिथल्या काही पक्ष्यांना कुणी बुलबुल म्हणत होतं, कुणी वॉर्बलर, कुणी सातभाईंचे भाऊबंद. डीएनए बघितला तर सगळे एकाच घरचे निघाले आणि बर्निएरिडी हे नवं कुळ करावं लागलं.

आणि अमेरिका. तिथले वॉर्बलर पिवळे, निळे, नारिंगी, काळे पट्टेवाले. फोटो बघून आपल्याला हेवा वाटतो. ते पारुलिडी, आपल्या वटवट्यांशी त्यांचं नातं फार लांबचं. पंखाची मोठी उड्डाणपिसं मोजली तर आपल्याकडच्यांना दहा, त्यातलं बाहेरचं बहुधा चिमुकलं. त्यांना कामाची नऊच. तिथे गेलेल्या युरोपीय माणसांनी घरच्या पक्ष्यांची नावं नव्या पक्ष्यांना दिली, एवढाच संबंध. त्यातला ब्लॅकपोल नावाचा जेमतेम 12 ग्रॅमचा पक्षी अटलांटिकवरून दोन-तीन दिवस न थांबता उडतो. 2015 मध्ये पाठीवर इवलंसं यंत्र बांधून हे पक्कं झालं.

आता फोटो

सुंदर फोटो वेगळा, साक्षीचा फोटो वेगळा. वटवट्यांच्या बाबतीत दुसऱ्याची किंमत जास्त. पोलिसांत जशी एकाच माणसाची समोरून आणि बाजूने छबी घेतात तसं करायचं. चेहरा एका बाजूने, चोचीसकट: भुवई कुठून सुरू होते, डोळ्यामागे किती जाते. खालची चोच: फिकट की काळसर. पायांचा रंग. शेपटी खालून: कडा पांढरट आहेत का, टोक गोल की सपाट. आणि मिटलेला पंख. या शेवटच्याला मी सगळ्यात जास्त मार्क देते.

मिटलेला पंख निऱ्यांसारखा असतो. आतली पिसं वरून झाकून घेतात, लांब उड्डाणपिसांची टोकं खालून डोकावतात. किती डोकावतात त्यावर बरंच ठरतं. हिरवटाची बऱ्यापैकी बाहेर येतात, कारण तो हजारो किलोमीटर जातो. राखी वटवट्याची जवळजवळ नाहीतच. नियम ढोबळ आहे, ब्लिथ रशियापर्यंत जाऊनही त्याची टोकं त्या मानाने आखूड. पण फोटोत हे मोजता येतं आणि रंगासारखं ते प्रकाशाबरोबर बदलत नाही.

रंगाने मला एकदा चांगलं तोंडावर पाडलं. एका संध्याकाळी पाम बीच रस्त्याच्या बाजूच्या पाणथळीजवळ तिरप्या उन्हात एक पक्षी मिळाला, वाळूसारखा पिवळसर. साइक्स म्हणून मी तो मित्रमंडळींना दाखवला, अभिनंदनं घेतली. आठवड्याने त्याच झुडपात सकाळच्या सावलीत तोच पक्षी भेटला. मळकट तपकिरी ब्लिथ, आणि वर टक् टक् करून हसतोय. अभिनंदनं परत करायची काही रीत नाही. तेव्हापासून सावलीत फोटो काढला की त्याच सावलीत एक पांढरा रुमाल धरून त्याचाही एक फोटो घेते. पानांतून गाळून आलेला प्रकाश हिरवा असतो, पांढऱ्या पोटाला पिवळट करतो. रुमाल हिरवट दिसला तर पोटाच्या पिवळेपणावर विश्वास ठेवू नये. फोटो रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलीत, काढला असेल तर हे घरी दुरुस्तही होतं.

कॅमेऱ्याचं म्हणाल तर शटर 1/1000 किंवा त्याहून जलद, आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाश टिपायची संवेदनशीलता) गरजेप्रमाणे चढू द्यावा. दाणे आले तर येऊ देत, हललेला फोटो कशाच्याच कामाचा नाही. फोकस एकाच छोट्या बिंदूवर, नाहीतर कॅमेरा आनंदाने पुढचं पान धारदार करून देतो. पक्षी आकाशासमोर असेल तर एक्सपोजर साधारण एकने वाढवा, नाहीतर सावलीची बाहुली मिळते. उन्हात असेल तर उलट थोडं कमी ठेवा, कारण पंखावरची बारीक फिकट पट्टी जास्त प्रकाशात आधी उडते आणि हिरवट ओळखायला तीच हवी असते. आणि दाणे घालवणारी ती हुशार सॉफ्टवेअरं जपून वापरा. ती पिसं साफ करत नाहीत, स्वतःच्या मनाने नवी काढतात.

उभं कुठे राहायचं हे सगळ्यात महत्त्वाचं. झाडाखाली उभं राहून वर कॅमेरा रोखला की पोटं मिळतात, नुसती पोटं. भाच्याच्या बारांपैकी सात पोटं होती. येऊरचा चढ, खारघर किंवा पारसिकची टेकडी, अशा उतारावर उभं राहा की खालच्या झाडाचा शेंडा तुमच्या डोळ्यासमोर येतो, आणि पक्षी बाजूने दिसतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये पळस, पांगारा, काटेसावर फुलली की फुलांवर किडे येतात, किड्यांमागे वटवटे. अशा एका झाडासमोर तासभर बसणं हे पाच किलोमीटर चालण्यापेक्षा फायद्याचं. खाडीवर ओहोटी-भरतीचं वेळापत्रक बघून जा. आवाजाची ध्वनिफीत वाजवून पक्ष्याला बोलावू नका, त्याला ते हद्दीवर चाल करून आलेलं वाटतं. आणि शिंप्याचं घरटं सापडलं तर फांदी वाकवू नका, कितीही मोह झाला तरी.

फोटोपेक्षा कान बरा, असं मी म्हणते तेव्हा भाच्याचा चेहरा पडतो, एवढी महाग लेन्स घेतल्यावर पडणारच. पण 1768 मध्ये गिल्बर्ट व्हाइट नावाच्या इंग्रज पाद्र्याने, डोळ्यांना जवळजवळ सारखेच दिसणारे तीन पर्णवटवटे तीन वेगळ्या जातींचे आहेत हे मुख्यतः त्यांच्या गाण्यावरून ओळखलं. दुर्बिणीशिवाय. आपल्या खिशातल्या फोनला माइक आहे. फोटो मिळाला नाही तरी दहा सेकंदांचा आवाज ठेवावा.

आणि कधीकधी नाव लागतच नाही. अ‍ॅलन ह्यूम या ब्रिटिश पक्षीअभ्यासकाला 1867 मध्ये सतलजच्या खोऱ्यात ब्लिथसारखाच, पण मोठ्या चोचीचा एक वटवट्या मिळाला. पुढची जवळपास 140 वर्षं दुसरा जिवंत कुणाला ओळखता आला नाही. 2006 मध्ये थायलंडमध्ये फिलिप राउंड यांच्या जाळ्यात एक आला. मोजमापं घेतली, डीएनए जुळला. मग संग्रहालयांचे खण उघडून बघितले तर तिथे ब्लिथच्या चिठ्ठ्या लावलेले आणखी काही निघाले, वर्षानुवर्षं तज्ज्ञांच्या नाकाखाली. नंतर अफगाणिस्तानच्या वाखान पट्ट्यात त्यांची वीण सापडली. त्यामुळे ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर नोंद करताना नुसतं 'पर्णवटवट्या, जात अनिश्चित' लिहायला मला अजिबात कमीपणा वाटत नाही. तिथे तशी सोयच दिलेली आहे.

भाच्याच्या बारांपैकी शेवटी पाच हिरवट ठरले, तीन ब्लिथ, एक शिंपी. एक चक्क वाळकं पान. दोन आम्ही अनिश्चित म्हणून ठेवले. त्यातल्या एकावर तो अजून अडून बसलाय.

परवा रविवारी फोटो आलाच नाही. अकरा सेकंदांची ध्वनिफीत आली, निम्मी मोटरसायकलची. खाली लिहिलं होतं, "मावशी, दिसला नाही. पण टक् टक् म्हणाला."

"झाडावर होता की झुडपात?" मी विचारलं.